रुळांशेजारचा सिग्नल बघून गाडी येतेय की गेलीय हे कसं ओळखायचं?

अक्षरवेल

माझ्या मुलाला गाड्यांचं फार वेड. आम्ही पादचारी पुलावर उभे राहून गाड्या बघतो. सुरुवातीला त्याला इंजिनं बघायची असायची, आता त्याचं सगळं लक्ष सिग्नलवर असतं, आणि त्याच्या प्रश्नांना माझ्याकडे उत्तरं नाहीत.

पुलावरून एकीकडे स्टेशनच्या टोकाचा सिग्नल दिसतो. तो जवळजवळ कायम लाल असतो. कधीतरी हिरवा होतो, आणि मग थोड्या वेळाने गाडी येतेच. त्याच मार्गावर पुढे आणखी एक सिग्नल आहे, तो बरोबर उलटा वागतो. एरवी हिरवा असतो, गाडी त्याच्याजवळून पुढे गेली की लगेच लाल होतो, मग पिवळा, मग दोन पिवळे, मग पुन्हा हिरवा. तो हिरवा असताना आम्ही ताटकळत उभे असतो आणि काहीच येत नाही. मुलाचं म्हणणं, यातला एक बिघडलेला आहे.

दुसरं म्हणजे, त्या पुढच्या सिग्नलला एक मालगाडी लाल दिसल्यावर थांबली. थोडा वेळ उभी राहिली आणि लाल तसाच असताना हळूहळू निघून गेली. हे चालतं का?

आणि पुलाच्या दुसऱ्या बाजूला बघितलं की सिग्नलांच्या फक्त पाठी दिसतात. त्या बाजूने गाडी येतेय का हे कळायचा काही मार्ग आहे का?

पुढचा_डबा

सोपं आहे. लाल म्हणजे गाडी जवळपास आहे, हिरवा म्हणजे मोकळं आहे. बाकी ॲपवर गाडीचं वेळापत्रक बघून जा, कटकट नाही.

रिलेरूम

ताई, तुमच्या मुलाची नजर चांगली आहे. दोन्ही सिग्नल ठीक आहेत. ते दोन वेगळ्या जातींचे आहेत, आणि त्याने नेमका तोच फरक पकडलाय. माझी सगळी नोकरी सिग्नल मेंटेनन्समध्ये गेली, त्यामुळे उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

पुढचा_डबा, तुमचं सूत्र काही सिग्नलांना, काही वेळा लागू पडतं. सिग्नल ड्रायव्हरशी बोलतो, आणि त्याला एवढंच सांगतो की माझ्यापुढे रस्ता कसा आहे. मागून कोण येतंय याच्याशी त्याला बहुतेक वेळा देणंघेणं नसतं. म्हणून पुलावरून बघताना आधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: हा सिग्नल कोणत्या दिशेच्या गाडीसाठी आहे, आणि तो स्वयंचलित आहे की कोणाच्या तरी हातातला.

दिशेचं सोपं आहे. ज्या सिग्नलचा दिवा तुम्हाला दिसतो, त्याची गाडी तुमच्या पाठीमागून येऊन पुलाखालून पुढे जाणार. ज्याची पाठ दिसते, त्याची गाडी समोरून तुमच्याकडे येणार. सिग्नल बघायचा एकीकडे आणि गाडीची वाट बघायची दुसरीकडे. हे कळलं नाही तर माणूस हिरव्या दिव्याकडे डोळे लावून बसतो आणि गाडी मागून निघून जाते.

आता तुमचा तो हिरवा राहणारा सिग्नल. तो स्वयंचलित. भारतीय रेल्वेत अशा सिग्नलच्या खांबावर गोल पांढऱ्या पाटीवर इंग्रजी ‘ए’ लिहिलेलं असतं, मुलाला शोधायला सांगा. त्याला कोणी हलवत नाही, गाडीची चाकंच हलवतात. कशी, ते जरा जवळून सांगतो, कारण सगळी गंमत तिथे आहे.

रुळांचे तुकडे पाडलेले असतात. दोन तुकड्यांच्या मध्ये इन्सुलेशन असतं, म्हणजे रूळ दिसायला सलग पण विजेच्या दृष्टीने तुटलेला. एका टोकाला रुळांच्या जोडीत अगदी कमी व्होल्टेजचा प्रवाह सोडतात, दुसऱ्या टोकाला रिले असतो, म्हणजे प्रवाह असेपर्यंत उचललेला राहणारा विजेचा स्विच. तुकडा रिकामा असेल तर प्रवाह एका रुळातून जातो, रिलेमधून फिरतो आणि दुसऱ्या रुळातून परत येतो. रिले उचललेला राहतो आणि सिग्नल हिरवा. गाडीचं पहिलं चाक जॉइंट ओलांडून आत आलं की चाक आणि आस मिळून दोन्ही रूळ जोडले जातात. प्रवाहाला जवळचा रस्ता मिळतो, रिलेकडे काही उरत नाही आणि तो पडतो. लोकेशन बॉक्स, म्हणजे रुळांशेजारची रिलेची पेटी, उघडून काम करत असलो की हे समोर घडायचं. जॉइंटवर चाकाचा ठोका, त्याच क्षणी बॉक्समध्ये ‘टक्’, आणि मान वर केली की डोक्यावरचा दिवा लाल. ठोका आणि ‘टक्’ यांत वेळ गेल्याचं जाणवतही नाही. आम्ही म्हणायचो, ट्रॅक डाऊन झाला.

विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन माणसाने १८७२ मध्ये याचं पेटंट घेतलं. त्याआधी त्याने उलटी रचना करून पाहिली होती, गाडी आली की प्रवाह सुरू व्हायचा. त्यात खोट अशी की तार तुटली किंवा बॅटरी संपली तरी सिग्नल ‘मोकळं आहे’ असंच सांगत राहणार. म्हणून त्याने प्रवाह कायम वाहता ठेवला. आता बॅटरी संपो, तार तुटो, बऱ्याचदा रूळ जरी तुटला तरी रिले पडतो आणि लाल लागतो. पावसाळ्यात खडीत पाणी साचलं की प्रवाह या रुळातून त्या रुळात गळतो, गाडी नसतानाही लाल येतो आणि लोक रेल्वेला बोल लावतात. गाड्या थांबतात हे खरं, पण बिघाडाने सुरक्षित बाजूला पडायचं ही या यंत्रणेची शिस्त आहे. भर पावसात तो फॉल्ट शोधायला जातानासुद्धा मला तिचा आदरच वाटत आला.

रंगांचा क्रम आता आपोआप कळेल. गाडी सिग्नलच्या पुढच्या तुकड्यात, तर लाल. एक तुकडा सोडून पुढे, तर एक पिवळा. दोन तुकडे पुढे, तर दोन पिवळे. त्याहून लांब, तर हिरवा. म्हणजे गाडी गेल्यावर तुम्हाला जे रंग दिसतात ते ती किती लांब पोचली त्याचं मोजमाप आहे.

यावरून मुलाला गाडीचा वेगही काढता येईल. लाल लागला की घड्याळ सुरू, पिवळा झाला की बंद. फक्त एक लक्षात ठेवायचं: पिवळा होण्यासाठी गाडीचा शेवटचा डबा पुढच्या सिग्नललाही ओलांडून आणखी थोडा पुढे जावा लागतो. या जादा अंतराला ओव्हरलॅप म्हणतात, भारतात स्वयंचलित सिग्नलला ते साधारण १२० मीटर असतं. दोन सिग्नलांत १ किलोमीटर आणि गाडी ४०० मीटर लांब धरली, तर लालपासून पिवळ्यापर्यंत गाडीने सुमारे दीड किलोमीटर कापलेला असतो. ६० सेकंद लागले तर वेग ताशी ९० च्या आसपास, ९० सेकंद लागले तर ६०. आणि लाल सरतच नसेल तर समजायचं की ती पुढे उभी आहे.

म्हणजे स्वयंचलित सिग्नल गेलेल्या गाडीबद्दल भरपूर सांगतो, येणाऱ्या गाडीबद्दल काही नाही. त्याच्या हिरव्यावर वाट बघण्यात अर्थ नाही.

येणाऱ्या गाडीसाठी तो दुसरा सिग्नल बघा, स्टेशनच्या टोकाचा. तो स्टेशन मास्तरच्या किंवा केबिनच्या हातात असतो. पुढचा रस्ता पूर्ण मोकळा असला तरी माणसाने दिल्याशिवाय तो लालच. तो हिरवा होतो म्हणजे कोणीतरी एका ठरावीक गाडीसाठी रूट लावलाय. पॉइंट, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे, फिरले, जागेवर कुलूप झाले, वाटेत गेट असेल तर तेही बंद झालं, आणि हे सगळं इंटरलॉकिंगने, म्हणजे पॉइंट आणि सिग्नल एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या यंत्रणेने, तपासल्यावरच दिवा बदलला. एवढा खटाटोप उगाच कोणी करत नाही. गाडी येणारच.

हा एरवी लाल का, त्यालाही इतिहास आहे. पूर्वी ब्रिटनमध्ये खांबावर तारेने हलणारा हात हाच सिग्नल असे, आणि तो एरवी ‘मोकळं’ दाखवत असे, गाडी असेल तेव्हाच तो धोक्याला नेत. २१ जानेवारी १८७६ ला ॲबट्स रिप्टन इथे बर्फाचं वादळ झालं. हात आणि तारा बर्फाने ‘मोकळं’ या स्थितीतच अडकल्या. केबिनमधल्या माणसाने सिग्नल धोक्यावर टाकला होता, बाहेर हात हललाच नव्हता. स्कॉटलंडहून येणारी एक्सप्रेस पुढच्या कोळशाच्या गाडीवर आदळली, आणि लंडनकडून आलेली दुसरी एक्सप्रेस त्या ढिगाऱ्यात घुसली. त्यानंतर एरवी सिग्नल धोक्यावरच ठेवायची पद्धत रुळली.

तुमच्या मालगाडीने नियम मोडला नाही. ‘ए’ पाटीचा सिग्नल लाल असेल तर ड्रायव्हरने थांबायचं, दिवसा १ मिनिट, रात्री २ मिनिटं वाट बघायची, आणि मग वाटेत अडथळा असणारच असं धरून, दिसेल तेवढ्या अंतरात थांबता येईल इतक्या संथ गतीने पुढच्या सिग्नलपर्यंत जायचं. भारतीय रेल्वेच्या सर्वसाधारण नियमांतच ते आहे. स्टेशनच्या सिग्नलला ही मुभा नाही. तिथे लाल म्हणजे अधिकृत परवानगी हातात येईपर्यंत थांबायचं.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. हे सगळं पुलावरून बघण्यासाठी आहे. सिग्नल वाचता येतो म्हणून रूळ ओलांडायचा अंदाज कोणीही बांधू नये. लाल सिग्नल ओलांडून गाडी येते हे तुम्ही स्वतः बघितलंय. शेजारच्या रुळावरून येते, कामाच्या वेळी उलट दिशेनेही येते. सिग्नल पायी माणसाशी बोलत नाही.

अक्षरवेल

काका, तुमचे खूप आभार. उत्तर त्याला वाचून दाखवलं, पाटीवरचा ‘ए’ त्याने दुर्बिणीतून शोधला. आता त्याचे पुढचे प्रश्न: दोन पिवळ्यांच्या मध्ये हिरव्याची जागा का सोडली आहे? आणि लाल सगळ्यात खाली का? रस्त्यावर तर तो वर असतो.

लोकोकॅब

रिलेरूम यांनी बाहेरची बाजू सांगितली, मी आतून सांगतो. गाडी चालवतो, त्यामुळे हे दिवे रोज बघतो.

दोन पिवळे जवळजवळ असते तर लांबून त्यांचा मिळून एकच ठिपका दिसला असता. एक आणि दोन यांतला फरक आमच्यासाठी फार मोठा आहे, म्हणून मध्ये हिरव्याची जागा आहे. लाल खाली असण्याचं कारण आमची नजर. खांबावरच्या दिव्यांत सगळ्यात खालचा दिवा कॅबमधल्या डोळ्याच्या पातळीला सगळ्यात जवळ येतो. बर्फाच्या देशांत आणखी एक फायदा होतो. प्रत्येक दिव्याला पुढे टोपी असते, तिच्यावर बर्फ साचून वरच्या दिव्याच्या तोंडाशी येऊ शकतो. लालच्या खाली टोपीच नाही, म्हणून तो झाकला जात नाही.

ताशी ११० ने जाताना सेकंदाला ३० मीटर रस्ता खालून सरकतो. भरलेली गाडी नीट थांबवायला किलोमीटरच्या आसपास अंतर लागू शकतं, उतारावर आणखी. नुसता लाल दिसल्यावर ब्रेक लावून काही उपयोग नसतो. आमचं काम दोन पिवळ्यांपाशी सुरू होतं. दोन पिवळे म्हणजे पुढचा सिग्नल मर्यादित वेगाने ओलांडायच्या तयारीत राहा. एक पिवळा म्हणजे पुढच्या स्टॉप सिग्नलला थांबायच्या तयारीत राहा. लाल येईपर्यंत गाडी हातात आलेली असली पाहिजे.

आणि हे मनातल्या मनात करत नाहीत. सिग्नल दिसला की मी मोठ्याने म्हणतो, सहायक तो स्वतः बघून पुन्हा म्हणतो. ‘दोन पिवळे.’ ‘दोन पिवळे.’ रात्री तीन वाजता, सलग हिरवे येत असताना, याच सवयीमुळे पुढचा पिवळा हिरवा वाटत नाही. जपानमध्ये तर ड्रायव्हर सिग्नलकडे बोट दाखवून उच्चार करतात. डोळा, हात आणि तोंड तिन्ही कामाला लावले की चूक कमी होते, हा माझाही अनुभव आहे.

पुलावरून बघताना एक खूण सांगतो. गाडी दिसायच्या आधी तिच्या आवाजाकडे लक्ष द्या. पुलाजवळ येताना इंजिनाचा जोर उतरलेला असेल आणि ब्रेकचा आवाज येत असेल, तर बहुतेक तिला मागे पिवळा मिळालाय. तुमच्याकडे पाठ केलेल्या सिग्नलांचा रंग दिसत नाही, पण तो गाडीच्या चालीत बऱ्याचदा ऐकू येतो.

सातासमुद्रा

मी अमेरिकेत असतो, इथल्या मालगाड्यांच्या एका मार्गाजवळ. इथे काही सिग्नल दिवसभर काळेच असतात, कुठलाच दिवा नाही. सुरुवातीला मला ते बंद पडलेले वाटले. मग लक्षात आलं की दिवा लागला की काही मिनिटांत गाडी येते. म्हणजे पुढचा_डबा म्हणतात तशी खूण इथे आहे, फक्त रंगाची नाही, दिवा लागण्याची. हे असंच असतं ना?

दुसरं, एकेरी मार्गावर मी समोर दिसणारा हिरवा सिग्नल अचानक लाल होताना पाहिला. माझ्याजवळून काहीही गेलं नव्हतं. बऱ्याच वेळाने त्याच बाजूने, समोरून, गाडी आली. रिलेरूम यांच्या उत्तरात हे बसत नाही.

रिलेरूम

लोकोकॅब, आवाजाची खूण छान सांगितलीत. ती बाहेर उभ्या असलेल्या आमच्या लोकांना सुचत नाही.

सातासमुद्रा, तुमची दोन्ही निरीक्षणं खरी आहेत आणि दोन्ही बसतात.

काळ्या सिग्नलला अप्रोच लायटिंग म्हणतात. यंत्रणा आत पूर्ण जागी असते, फक्त दिवा विझवलेला असतो. गाडी अलीकडच्या तुकड्यात शिरली की दिवा लागतो. लांबच्या निर्जन मार्गांवर बॅटरी आणि बल्ब वाचवण्यासाठी ही युक्ती आली. बघणाऱ्यासाठी ती फारच सोयीची, कारण इथे सिग्नल खरोखर येणाऱ्या गाडीची वर्दी देतो. पण सगळीकडे ती नाही, आणि जिथे आहे तिथेही शेजारच्या मार्गावरच्या गाडीने किंवा ट्रॅकच्या बिघाडाने दिवे लागू शकतात.

दुसरं निरीक्षण मला जास्त आवडलं. मी वर लिहिलं ते एकाच दिशेने गाड्या जाणाऱ्या रुळांबद्दल होतं. एकेरी मार्गावर त्याच रुळावरून दोन्हीकडून गाड्या येतात, तिथे नुसता पुढचा एक तुकडा बघून भागत नाही. दोन गाड्यांना दोन्ही टोकांनी हिरवा मिळाला तर मध्ये गाठ पडणार. म्हणून एक गाडी एकेरी भागात शिरली की तिच्या समोरून येणाऱ्या दिशेचे सगळे सिग्नल, पुढच्या लूपपर्यंत, म्हणजे गाडी बाजूला घेता येईल अशा जादा रुळापर्यंत, एकदम लालवर जातात. तिच्या मागून त्याच दिशेने येणाऱ्याला मात्र ती पुढे सरकेल तसतसा पिवळा, हिरवा मिळत राहतो. तुम्हाला तोंड करून असलेला सिग्नल काही न जाता लाल झाला, तर एकेरी मार्गावर त्याचा अर्थ बहुतेक हाच, की तिकडून गाडी निघाली आहे. ती कित्येक किलोमीटर लांब असू शकते, म्हणून तुम्हाला बराच वेळ वाट बघावी लागली.

तिकडच्या खांबांवर नंबरची पाटी आहे का तेही बघा. अमेरिकेत साधारणपणे नंबरची पाटी असलेला सिग्नल लाल असेल तर ठरावीक नियमाने सावकाश पुढे जाता येतं. पाटी नसेल तर लाल म्हणजे पूर्ण थांबा, परवानगीशिवाय हलायचं नाही. इथल्या ‘ए’ पाटीचं काम तिथे नंबर करतो.

एका देशातली खूण दुसऱ्या देशात जशीच्या तशी वापरू नये, हे सांगायला दोन पिवळ्यांसारखं दुसरं उदाहरण नाही. भारतात आणि ब्रिटनमध्ये दोन पिवळे हे एका पिवळ्यापेक्षा सौम्य. १९२६ मध्ये लंडनमध्ये चार रंगस्थितींचे सिग्नल लागले तेव्हापासून ब्रिटनमध्ये हीच रीत आहे. जपानमध्ये बरोबर उलट. तिथे दोन पिवळे हे एका पिवळ्यापेक्षा कडक, ताशी २५ किलोमीटरच्या आत चालायचा हुकूम.

मला स्वतःला आपली रीत जास्त पटते, आणि त्याचं कारण पुन्हा बिघाडातच आहे. दोन पिवळ्यांतला एक बल्ब उडाला तर काय उरतं? एक पिवळा. म्हणजे ड्रायव्हरला खऱ्यापेक्षा कडक सूचना मिळते, गाडी गरजेपेक्षा हळू जाते, पण धोका होत नाही. लालचा बल्ब उडाला तर त्याच्या मागचा सिग्नल लाल होतो, म्हणजे गाडी त्या अंधाऱ्या खांबापर्यंत पोचतच नाही. एकेका बल्बमागे असा विचार करणारी माणसं माझ्या आधी होऊन गेली म्हणून आम्ही निवांतपणे बल्ब बदलू शकलो.

आता हे खांबही काही मार्गांवर राहिलेले नाहीत. १९६४ मध्ये सुरू झालेल्या शिंकान्सेनला पहिल्यापासून रुळांशेजारी रंगीत सिग्नलच नाहीत, वेगाची सूचना थेट कॅबमध्ये येते. ताशी २०० च्या पुढे खांबावरचा दिवा भरवशाने वाचता येत नाही, हे त्यामागचं कारण. फ्रान्सच्या वेगवान मार्गांवर तुकड्याच्या सीमेवर निळ्या चौकोनात पिवळा त्रिकोण असलेली पाटी असते. ती बघून गाडी येतेय का हे ओळखायचा काहीच मार्ग नाही.

पुढचा_डबा

माझं उत्तर घाईचं होतं हे मान्य. एक विचारतो. पॉइंट फिरल्यावरच सिग्नल मिळतो, असं तुम्ही लिहिलंत. मग पॉइंट कुठे वळलाय ते बघून गाडी कोणत्या रुळावर जाणार हे सिग्नलच्या आधी कळेल ना?

रिलेरूम

कळतं. पुलावरून पॉइंट नीट दिसत असेल तर मोटरचा आवाज येतो आणि पात्याची टोकं एका रुळापासून सुटून दुसऱ्याला चिकटताना दिसतात. त्यानंतर लगेच सिग्नल बदलला तर गाडी तिकडेच जाणार. पण पॉइंट फिरला आणि सिग्नल आलाच नाही, तर काही ठरवू नका. मेंटेनन्सवाले तपासणीसाठीही पॉइंट फिरवून बघतात.

अक्षरवेल

काल दोन नव्या गोष्टी दिसल्या. आम्ही स्टेशनच्या दुसऱ्या टोकाला होतो. सिग्नलवर पिवळा दिवा आणि त्याच्या वर तिरकी पाच पांढऱ्या दिव्यांची रांग. गाडी आली, मुख्य रूळ सोडून डावीकडच्या रुळावर गेली आणि थांबली. थोड्या वेळाने मुख्य रुळावरून दुसरी गाडी न थांबता धडधडत गेली, तेव्हा नुसता हिरवा होता, पांढरी रांग नव्हती. पुढच्या ‘ए’ सिग्नलला लालपासून पिवळ्यापर्यंतची वेळ मुलाने घड्याळ लावून मोजली आणि ताशी ८५ असा वेग काढला. बरोबर असेल का?

दुसरं म्हणजे, एका लाल सिग्नलच्या खांबावर खाली दोन लहान पांढरे दिवे तिरके पेटले. लाल तसाच राहिला.

रिलेरूम

दोन सिग्नलांमधलं अंतर आणि गाडीची लांबी त्याने बरोबर धरली असेल तर ८५ अगदी शक्य आहे. न थांबता जाणाऱ्या गाडीला असा वेग असतो. डबे मोजून घ्यायला सांगा, म्हणजे लांबी अंदाजाने धरावी लागणार नाही.

पाच पांढरे दिवे म्हणजे रूट इंडिकेटर. रांग ज्या बाजूला झुकलेली त्या बाजूच्या रुळावर गाडी जाणार. सरळ मुख्य मार्ग असेल तेव्हा ती सहसा पेटत नाही, म्हणून दुसऱ्या गाडीला नुसता हिरवा होता. तुम्ही जे पाहिलंत ते मागच्या गाडीला पुढे काढणं. पहिल्या गाडीला लूपमध्ये बाजूला घेतलं आणि मागच्या वेगवान गाडीला वाट दिली. पिवळा आणि रांग एकत्र दिसली की पुढे मुख्य मार्गावरून काहीतरी येणार असण्याची शक्यता बरीच असते, तेव्हा लगेच पुलावरून उतरू नका.

ही ब्रिटनकडून आलेली रीत. ती ड्रायव्हरला रस्ता कोणता ते सांगते, वळणावर किती वेग धरायचा ते त्याने मार्गाच्या माहितीवरून जाणायचं. जर्मनीत सिग्नल वेगच सांगतो. अंकांची पाटी किंवा दिवा असतो, त्याला १० ने गुणायचं. ६ दिसला तर ताशी ६० किलोमीटर.

लहान पांढरे दिवे शंट सिग्नलचे, म्हणजे डबे जोडण्या-सोडण्यासाठी इंजिन हलवण्याचे. आडवे म्हणजे शंटिंगलाही थांबा, तिरके म्हणजे शंटिंग करणाऱ्या इंजिनाने किंवा डब्यांनी सावकाश पुढे यावं. वरचा लाल तसाच राहतो, कारण पूर्ण गाडी सोडायची परवानगी दिलेली नसते. ते तिरके झालेले दिसले तर एक्सप्रेसची वाट बघू नका, पण इंजिन डबे जोडताना जवळून दिसेल. त्याला तेही आवडेल.